किती दिवसांचे रोम

परगावाहून आलेल्या पाहुण्याला शहर हिंडवून दाखवणे आणि त्याबद्दल बिदागी घेणे हा धंदा रोममध्ये जितका दीर्घकाळ चालत आला तितका तो युरोपातील फार थोड्या शहरांत चालला असेल. आज त्याचे सर्वांत रूढ रूप म्हणजे एका दिवसाची खासगी सफर होय. परवानाधारक मार्गदर्शक सकाळी पाहुण्यांच्या मुक्कामी येतो आणि कोलोसियम, फोरम, पँथिऑन, त्रेव्हीचे कारंजे व व्हॅटिकन एवढे सारे संध्याकाळपर्यंत दाखवून त्यांना परत सोडतो. ही घाई विमानाने आणि मोटारीने आणली, पूर्वीचे प्रवासी सवडीने पाहत आणि नंतरचे उरकू लागले, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रोमच्या इतिहासात एका दिवसाची, तीन दिवसांची, आठ दिवसांची, सहा आठवड्यांची आणि अठरा आठवड्यांचीही फेरी आढळते, आणि ही मापे काळाच्या ओघात क्रमाक्रमाने लहान होत गेलेली नाहीत. शहर किती दिवसांत पाहून होते हे पाहुण्याच्या जिज्ञासेवर किंवा वाहनाच्या वेगावर जेवढे ठरले त्याहून अधिक ते दाखवणाऱ्याचे खरे उत्पन्न कोठून येते यावर ठरत आले, आणि त्याने सांगितलेल्या गोष्टींनाही त्या उत्पन्नाचाच आकार येत गेला.

प्राचीन काळातील वाटाड्यांविषयी जी माहिती मिळते ती बहुतेक त्यांना कंटाळलेल्या लेखकांनी दिलेली आहे. डेल्फीच्या देवस्थानात वाटाडे आपले पाठ केलेले भाषण आणि प्रत्येक शिलालेखाचे वाचन आवरते घेण्याची विनंती कशी कानाआड करतात, याचे वर्णन प्लुटार्कने केले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसचे वर्णन लिहिणाऱ्या पॉसानियासने आर्गोसच्या वाटाड्यांबद्दल नोंदवले आहे की आपण सांगतो ते सगळे खरे नाही हे त्यांना स्वतःलाही ठाऊक आहे, तरीही ते सांगत राहतात, कारण लोकांच्या मनात बसलेले काढणे सोपे नसते. या नोंदींहून महत्त्वाची ठरते ती रोमन वक्ता सिसरो याची साक्ष. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याने त्या बेटावरील देवळे व घरे लुटली, आणि इसवी सनपूर्व ७० मध्ये त्याच्यावर चाललेल्या खटल्यासाठी लिहिलेल्या भाषणांत सिसरोने सिराक्यूजच्या वाटाड्यांचा दाखला दिला. पूर्वी हे लोक पाहुण्यांना कोठे काय आहे ते दाखवत. व्हेरेसच्या कारभारानंतर त्यांचे काम उलटे झाले आणि कोठून काय नेले ते दाखवणे एवढेच त्यांच्या हाती राहिले. पुढे इटलीत वाटाड्याला ‘चिचेरोने’ म्हणू लागले तो शब्द सिसरोच्याच नावाचे इटालियन रूप आहे, आणि त्यामागे वाटाड्यांच्या अखंड बोलण्याची थट्टा असावी असे मानले जाते. सिराक्यूजमधील त्या रिकाम्या झालेल्या जागांचा विषय मात्र पुढे रोममध्येच निराळ्या प्रकारे उपस्थित होणार होता.

पाहण्याजोग्या स्थळांची यादीदेखील वाटते त्यापेक्षा जुनी आहे. सम्राट दुसरा कॉन्स्टँटियस इसवी सन ३५७ मध्ये रोमला आला तेव्हा त्याला गादीवर बसून वीस वर्षे झाली होती, परंतु साम्राज्याला जिचे नाव होते ती नगरी त्याने तोवर पाहिली नव्हती. इतिहासकार अम्मियानुस मार्सेलिनुस याने सम्राटाने काय काय पाहिले ते क्रमाने सांगितले आहे, आणि त्यात ज्युपिटरचे मंदिर, स्नानगृहे, कोलोसियम, पँथिऑन आणि त्राजान सम्राटाचा चौक ही स्थळे आहेत. त्राजानच्या चौकातील अश्वारूढ पुतळ्यासारखा घोडा आपणही घडवू, असे सम्राट म्हणताच सोबतच्या होर्मिस्दास या इराणी राजपुत्राने, तर मग आधी अशीच पागा बांधावी लागेल, असे सुचवले. आजच्या एका दिवसाच्या सफरीचा अर्धा आराखडा त्या यादीत तयार दिसतो.

साम्राज्य मोडल्यावर शहराची वस्ती आटली, पण पाहुणे येतच राहिले, फक्त त्यांचे कारण बदलले. सातव्या शतकापासून हुतात्म्यांच्या थडग्यांकडे जाणाऱ्या वाटांची टिपणे मिळू लागतात, आणि स्वित्झर्लंडमधील आइन्सीडेल्नच्या मठात जतन झालेल्या, सुमारे इसवी सन ८०० च्या आसपासच्या मार्गयादीत एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत जाताना डाव्या हाताला काय आणि उजव्या हाताला काय एवढेच कोरडेपणाने मांडलेले आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास तयार झालेला ‘मिराबिलिया’ हा ग्रंथ, म्हणजे रोममधील नवलांचे वर्णन, याहून फार वेगळा आहे. सेंट पीटरच्या चर्चमधील बेनेडिक्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याकडे त्याचे कर्तृत्व दिले जाते. यात प्रत्येक अवशेषाला एक कथा चिकटलेली आहे. सम्राट ऑगस्टसला जेथे कुमारी मेरी आणि बालक यांचे दर्शन झाले तेथेच कॅपिटोल टेकडीवरील आराचेलीचे चर्च उभे आहे, आणि व्हॅटिकनजवळच्या इजिप्शियन शिलास्तंभाच्या माथ्यावरील धातूच्या गोळ्यात ज्युलियस सीझरची रक्षा ठेवलेली आहे, असे हा ग्रंथ सांगतो. पुढे १५८६ मध्ये वास्तुविशारद दोमेनिको फोंताना याने तो स्तंभ हलवून आजच्या जागी उभा केला तेव्हा गोळा तपासण्यात आला आणि त्यात रक्षा सापडली नाही, पण तोवर चार शतके ती कथा यात्रेकरूंना ऐकवून झाली होती. आराचेलीच्या चर्चचा मराठी वाचकाशी एक वेगळाच धागा जुळतो. सतराव्या शतकात गोव्याला व कर्नाटकातील इक्केरीला येऊन गेलेला आणि तेथील जीवनाची पत्रे लिहिणारा रोमन सरदार पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने इराणात निधन पावलेल्या आपल्या पत्नीचा देह बरोबर वागवत आणून १६२६ नंतर याच चर्चमध्ये पुरला, आणि तोही तेथेच विसावला आहे. एका दिवसाच्या यादीत अशा गोष्टीला जागा सापडणे कठीणच.

अवशेषांना चिकटलेल्या अशा कथांचे मोल एका इंग्रज पाहुण्याने त्याच सुमारास ओळखले होते. मॅजिस्टर ग्रेगोरियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्वानाने लॅटेरन राजवाड्यासमोरच्या ब्राँझच्या घोडेस्वाराविषयी लिहिताना नोंद केली की यात्रेकरू त्याला थिओडोरिक म्हणतात, रोमचे रहिवासी कॉन्स्टँटाइन म्हणतात आणि चर्चमधील वरिष्ठ मंडळी आणखी तिसरेच नाव घेतात. यात्रेकरूंच्या व रहिवाशांच्या भाकडकथा बाजूला सारून आपण वरिष्ठांचे मत देतो, असा त्याचा बाणा होता. तो पुतळा खरे तर मार्कस ऑरेलियसचा, म्हणजे तिघांपैकी कोणाचेच म्हणणे पूर्ण बरोबर नव्हते. मात्र ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या कॉन्स्टँटाइनचा समजला गेल्यामुळेच तो वितळवला गेला नाही, ही गोष्ट वाटाड्यांच्या खोट्या कथांचा हिशेब मांडताना त्यांच्या जमेच्या बाजूला लिहिली पाहिजे.

मध्ययुगीन रोममध्ये पाहुण्याने किती दिवस राहावे हे मात्र कथाकाराने ठरवले नाही. ते पोपने ठरवले. कॅथलिक मताप्रमाणे पापाची क्षमा मिळाली तरी त्याबद्दलची शिक्षा भोगायची राहते, आणि विशिष्ट पुण्यकर्माच्या बदल्यात ही शिक्षा माफ करण्याचा अधिकार चर्चकडे असतो. या माफीला ‘इंडल्जन्स’ म्हणतात. आठव्या बोनिफेस पोपने १३०० हे वर्ष ज्युबिली, म्हणजे महामाफीचे वर्ष, म्हणून जाहीर केले आणि सेंट पीटर व सेंट पॉल यांच्या चर्चांना रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस व परगावच्या लोकांनी पंधरा दिवस दर्शनाला जावे, अशी अट घातली. पंधरा दिवसांचा मुक्काम म्हणजे पंधरा दिवसांचे भाडे, जेवण, घोड्याची वैरण, सराफाचा बट्टा आणि वेदीवरची दक्षिणा. धर्मशास्त्रातील आकडा आणि शहराची मिळकत यांचा हा मेळ पोपच्या दरबारात कोणाच्या लक्षात आला नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. गर्दी एवढी झाली की सांत-आंजेलो पुलावर येणाऱ्यांची व जाणाऱ्यांची रांग वेगळी करावी लागली, आणि या व्यवस्थेचा उल्लेख दांतेच्या महाकाव्यातही आला. १४५० च्या ज्युबिलीत त्याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन शंभराहून अधिक माणसे मेली.

एका दिवसाची फेरी रोममध्ये रुजली ती याच धार्मिक परंपरेतून, पण अगदी उलट्या हेतूने. सोळाव्या शतकाच्या मध्यास फिलिप नेरी या धर्मोपदेशकाने सात प्रमुख चर्चांच्या जुन्या यात्रेला नवे रूप दिले. सेंट पीटर, वेशीबाहेरील सेंट पॉल, सान सेबास्तियानो, लॅटेरनचे सेंट जॉन, सांता क्रोचे, सान लोरेंझो आणि सांता मारिया माज्जोरे या चर्चांची ही वाट वीस किलोमीटरच्या घरात जाते. पुष्कळदा सेंट पीटरचे दर्शन आदल्या संध्याकाळी आटोपून उरलेली सहा चर्चे दुसऱ्या दिवशी पायी केली जात. कार्निव्हल या वसंतापूर्वीच्या बेबंद उत्सवाच्या दिवसांत तरुणांना दुसरी वाट दाखवावी हा नेरीचा उद्देश होता. म्हणून वाटेत गाणे-बजावणे असे, आणि दुपारी मात्तेई घराण्याच्या बागेत पाव, अंडे, चीज, फळे व वाइन असे जेवण मिळे. सुरुवातीच्या मूठभर मंडळींचा पुढे हजारोंचा समुदाय झाला. येथे वाटाड्याला पाहुण्याकडून काही मिळवायचे नव्हते, त्यामुळे मुक्काम लांबवण्याचेही कारण नव्हते, आणि रोमची सर्वांत शिस्तबद्ध एकदिवसीय फेरी अशी बिनपैशाच्या वाटाड्याने आखली. त्या वाटेवरच्या एका रस्त्याचे नाव आजही सात चर्चांचा रस्ता असेच आहे.

छापखान्याने वाटाड्याला प्रतिस्पर्धी निर्माण केला. मिराबिलियाच्या छापील आवृत्त्या यात्रेकरूंच्या खिशात जाऊ लागल्या, आणि त्यांतील भाकडकथांना उत्तर म्हणून वास्तुविशारद आंद्रेआ पल्लादियो याने १५५४ मध्ये रोमच्या प्राचीन अवशेषांवर एक आणि चर्चांवर एक अशा दोन लहान पुस्तिका काढल्या. त्याच दशकात रोममध्ये राहणाऱ्या शेकर्ली नावाच्या इंग्रजाच्या नावावर निघालेली मार्गदर्शिका परदेशी पाहुण्यांसाठी अवशेषांची वाटणी तीन दिवसांत करते. पुस्तकाला दलाली मिळत नाही, मुक्काम वाढल्याने त्याचा खपही वाढत नाही. तीन दिवस हा आकडा बहुधा प्रवाशाच्या पायांचा व थैलीचा विचार करून ठरवलेला असावा. माँटेन हा फ्रेंच निबंधकार १५८० च्या अखेरीस रोमला आला तेव्हा त्याने आपल्याच देशाचा एक वाटाड्या ठेवला होता, पण तो लहर फिरून निघून गेला. मग माँटेनने संध्याकाळी नकाशे आणि पुस्तके वाचून आणि दिवसा प्रत्यक्ष स्थळे पाहून थोड्याच दिवसांत एवढी तयारी केली की त्यानेच वाटाड्याला हिंडवावे. सतराव्या शतकात, १६४४ मध्ये, इंग्रज रोजनिशीकार जॉन ईव्हलिन याने परदेशी लोकांना शहर दाखवून पोट भरणाऱ्यांचा एक निराळा वर्गच रोममध्ये असल्याची नोंद केली आहे.

या वर्गाला प्रतिष्ठा आणि पैसा दोन्ही मिळाले ते अठराव्या शतकात. ब्रिटनमधील जमीनदार घराण्यांतील तरुण शिक्षण संपवून वर्ष-दोन वर्षे फ्रान्स व इटलीचा प्रवास करत. ‘ग्रँड टूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रवासाचा कळस म्हणजे रोम. त्यांना शहर दाखवण्याचे काम साधा चिचेरोने करत नसे. स्वतःला ‘अँटिक्वेरी’, म्हणजे पुरावस्तूंचे जाणकार, म्हणवणारे विद्वान ते करत, आणि त्यांतील नामांकित मंडळी स्कॉटिश होती. ॲबर्डीनशायरच्या जेम्स बायर्सचे घराणे पदच्युत स्टुअर्ट राजवंशाचे पक्षपाती. तो वास्तुकला शिकून १७५८ च्या सुमारास रोमला स्थायिक झाला आणि १७९० पर्यंत तेथेच राहिला. कॉलिन मॉरिसन हा त्याचा समव्यवसायी. १७६५ मध्ये स्कॉटिश लेखक जेम्स बॉस्वेल रोमला आला तेव्हा मॉरिसनच्या हाताखाली त्याने पुरावस्तूंचा अभ्यासक्रम केला, आणि पॅलेटाइन टेकडीच्या अवशेषांत फिरताना दोघे लॅटिनमध्ये बोलले.

त्या काळातील रोमची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय या जाणकारांची गरज समजत नाही. आज पाहुणा ज्या फोरमच्या फरसबंदीवरून चालतो ती तेव्हा कित्येक मीटर मातीखाली होती. त्या जागेला ‘काम्पो वाच्चिनो’, म्हणजे गुरांचे मैदान, म्हणत आणि तेथे खरोखरच गुरांचा बाजार भरे. सेप्टिमियस सेव्हेरसची कमान अर्धी पुरलेली होती आणि काही मंदिरांच्या खांबांचे केवळ शेंडे जमिनीवर दिसत. मातीच्या वर जे नाही ते ग्रंथांच्या आधारे उभे करून सांगणे हे विद्वत्तेचे काम होते, आणि त्याला वेळ लागणे साहजिक होते. तरीही त्या वेळेचे माप केवळ विद्वत्तेने ठरवलेले नाही.

इतिहासकार एडवर्ड गिबन १७६४ मध्ये रोमला पोहोचला. त्याने बायर्सबरोबर अठरा आठवडे शहर पाहिले, आणि त्या रोजच्या श्रमाने आपले लक्ष कधी कधी थकून जाई असे आत्मचरित्रात नमूद केले. रोमच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याची कल्पना आपल्याला १५ ऑक्टोबर १७६४ रोजी कॅपिटोलच्या अवशेषांत सुचली, असेही तो सांगतो. गिबनसारखा पाहुणा अपवाद होता. सर्वसाधारण अभ्यासक्रम किती दिवसांचा असे हे डॉ. जॉन मूर याच्या १७८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीविषयक पुस्तकावरून कळते : रोज तीन तास, असे सहा आठवडे. मूरने त्याच ठिकाणी एका तरुण इंग्रजाची हकीकत दिली आहे. दिवसाचे तीन तास चित्रे आणि अवशेष यांत घालवणे त्याला मानवेना, आणि आपण मागे राहिलो असेही कोणी म्हणू नये, म्हणून त्याने चार घोड्यांची गाडी ठरवली आणि चर्चे, राजवाडे, बागा व अवशेष यांतून ती भरधाव पिटाळून इतरांचे सहा आठवड्यांचे रोम दोन दिवसांत संपवले. मूरचा उपहास उघड आहे, परंतु त्या तरुणाने पाहिलेली यादी इतरांच्या यादीहून फारशी लहान नव्हती हे त्यालाही मान्य करावे लागले.

सहा आठवडे आणि अठरा आठवडे यांत बायर्स नेमके काय कमवत होता? दाखवण्याची बिदागी हा त्याच्या उत्पन्नाचा लहान भाग होता. त्याचा खरा व्यवसाय प्राचीन शिल्पे, चित्रे आणि रत्ने विकण्याचा होता, आणि पाहुण्याची अभिरुची घडवणे ही विक्रीची पूर्वतयारी होती. सकाळी व्हॅटिकनमधील अपोलोसमोर ज्याला शिल्पाचे गुण समजावून दिले तोच पुढे बार्तोलोमेओ काव्हाचेप्पीच्या कारखान्यात, जेथे उत्खननातून निघालेल्या भग्न पुतळ्यांना नवी नाके व नवे हात बसवले जात, गिऱ्हाईक म्हणून उभा राही. मग पोंपेओ बातोनीकडून प्राचीन पुतळ्याशेजारी उभे असलेले स्वतःचे चित्र आणि पिरानेसीच्या कारखान्यातून शहराची मुद्राचित्रे घेणे ओघानेच येई. दीर्घ अभ्यासक्रमामुळे पाहुण्याचा विश्वास बसे, आणि ज्याचा विश्वास बसला तो भाव करत नसे. या धंद्यातील दुसरा मातब्बर इंग्रज थॉमस जेंकिन्स सावकारीही करत असल्यामुळे, त्याच्याकडून उधार घेतलेल्या पैशांनी त्याच्याकडूनच मूर्ती विकत घेण्याची सोय होती. जेंकिन्सने कोलोसियमच्या पडक्या कमानींत कारागीर बसवून ‘प्राचीन’ रत्नशिल्पे कोरून घेतली होती, असे शिल्पकार जोसेफ नॉलेकन्स सांगत असे. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या असतात, आणि आजोबांच्या सहीखाली नातवाची सही होते, त्यामुळे तेथे एका भेटीत सगळे वसूल करण्याची निकड नसते. रोमच्या अँटिक्वेरीकडे येणारा तरुण आयुष्यात एकदाच येणार होता, आणि त्याच्याबरोबर घरी जाणारी मूर्ती व ओळखीचे पत्र हाच काय तो पुढच्या गिऱ्हाइकाचा भरवसा होता.

पोपच्या सरकारला या निर्यातीची जाणीव होती, पण सरकारी व्यवस्थेतही तोच गुंता होता. प्राचीन कलेचा आधुनिक इतिहास ज्याच्यापासून सुरू झाला असे म्हणतात तो जर्मन विद्वान योहान योआखिम विंकलमन १७६३ मध्ये रोमच्या पुरावस्तूंचा अधिकारी नेमला गेला. परदेशी मानकऱ्यांना शहर दाखवणे आणि कोणती वस्तू देशाबाहेर जाऊ द्यावी यावर मत देणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली. विंकलमनच्या सचोटीवर संशय घेण्याचे कारण नाही, पण पदाची रचनाच अशी होती की ज्याला वस्तूची किंमत समजावून सांगायची त्यालाच ती नेऊ नये असेही सांगायचे. १७६८ मध्ये त्रिएस्त येथे त्याचा खून झाला.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके प्रकरण चित्रकार निकोला पूसँच्या सात चित्रांचे आहे. ख्रिस्ती धर्मातील सात संस्कारांवर पूसँने कास्सियानो दाल पोझ्झो या रसिकासाठी काढलेली ही मालिका बोक्कापादुली घराण्याकडे आली होती आणि रोमला येणारा प्रत्येक जाणकार ती पाहायला जाई. ती परदेशी विकण्याचा एक प्रयत्न पूर्वी निर्यातबंदीमुळे फसला होता. बायर्सने १७८५ च्या सुमारास वेगळी युक्ती केली : प्रत्येक चित्राची नक्कल करवून घेतली, मूळ चित्र एकेक करून भिंतीवरून उतरवले, त्या जागी नक्कल टांगली आणि अस्सल मालिका ड्यूक ऑफ रट्लंडला दोन हजार पौंडांना मिळवून दिली. चित्रे इंग्लंडात पोहोचून १७८७ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत लोकांसमोर मांडलीही गेली. सिराक्यूजच्या वाटाड्यांनी निदान रिकाम्या जागेकडे बोट दाखवले होते. रोमच्या सर्वांत विद्वान वाटाड्याने जागा रिकामी दिसणार नाही याची तजवीज केली. पुढे ‘पोर्टलंड फुलदाणी’ म्हणून प्रसिद्ध झालेले रोमन काचपात्रही बार्बेरिनी घराण्याकडून बायर्सनेच घेतले आणि ते सर विल्यम हॅमिल्टनच्या हाती दिले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हा व्यापार संपवला तो फ्रेंच सैन्याने आणि कायद्याने. १७९७ च्या तोलेंतिनोच्या तहान्वये अपोलो, लाओकून इत्यादी शिल्पे पॅरिसला गेली, आणि अपोलोच्या रिकाम्या चौथऱ्यावर पुढे शिल्पकार कानोव्हाचा नवा पर्सियस बसवावा लागला. १७९८ मध्ये जेंकिन्सलाही रोम सोडून पळावे लागले. नेपोलियनच्या पाडावानंतर शिल्पे परत आली, परंतु १८०२ च्या आणि विशेषतः १८२० च्या फर्मानांनी पुरावस्तूंच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातले. मूर्ती विकता येईना, तेव्हा सहा आठवडे अपोलोचे गुण समजावण्यात कोणाचे हित उरले नाही. अँटिक्वेरी मागे पडला आणि त्याची जागा दिवसाच्या मजुरीवर राबणाऱ्या वाटाड्याने घेतली. स्पेन चौकाजवळच्या दुकानांत बारीक मोझेइकची चित्रे व शिंपल्यावर कोरलेली रत्नचित्रे विकत, आणि पाहुणा त्या दुकानात नेला की वाटाड्याला दलाली मिळे. दलाली प्रत्येक नव्या पाहुण्यामागे असल्यामुळे एकाच पाहुण्याला महिनाभर धरून ठेवण्यापेक्षा रोज नवा पाहुणा मिळणे फायद्याचे झाले. येथे फेरी आखडली, आणि रोमला रेल्वे येण्यास तेव्हा अजून अवकाश होता.

पुस्तकांनी मधले माप धरून ठेवले. जुझेप्पे व्हासीने १७६३ मध्ये आपल्या मुद्राचित्रांना जोड म्हणून काढलेल्या मार्गदर्शिकेत शहर आठ दिवसांत वाटले होते, आणि ही आठ दिवसांची मांडणी पुढच्या आवृत्त्यांनी एकोणिसाव्या शतकातही चालवली. लंडनचा जॉन मरे आणि जर्मनीचा कार्ल बेडेकर यांच्या मार्गदर्शिका त्यानंतरच्या. बेडेकरचा तर जाहीर हेतूच प्रवाशाला वाटाड्यांच्या आणि दलालांच्या तावडीतून सोडवणे हा होता. १८५९ मध्ये चिव्हितावेक्किया बंदरापासून रोमपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि १८६४ मध्ये सहली नेणाऱ्या थॉमस कुकने आपली पहिली इटलीची सफर नेली. मार्क ट्वेनच्या १८६९ च्या प्रवासवर्णनातील अमेरिकन मंडळी प्रत्येक वाटाड्याला एकाच नावाने हाक मारतात आणि त्याने दाखवलेल्या कोणत्याही वस्तूचे कौतुक करत नाहीत. पाहुण्याच्या आश्चर्यावर जगणाऱ्या माणसाची याहून क्रूर थट्टा क्वचितच कोणी केली असेल.

इटलीच्या राज्याने १८७० मध्ये रोम जिंकले आणि पुढे फोरमचे उत्खनन पद्धतशीर सुरू झाले. वाटाड्याला जे शब्दांत उभे करावे लागे ते डोळ्यांना दिसू लागले, आणि त्याच प्रमाणात त्याच्या विद्वत्तेचा भाव उतरला. फॅसिस्ट राजवटीने दोन गोष्टी लागोपाठ केल्या. १९३१ च्या सार्वजनिक सुरक्षाविषयक कायद्याने मार्गदर्शक आणि दुभाषे यांना पोलीस खात्याचा परवाना व पात्रतेची तपासणी सक्तीची झाली. परक्या माणसाशी बोलणाऱ्यावर नजर ठेवणे हे राजवटीच्या स्वभावाला धरूनच होते. दुसऱ्या वर्षी व्हेनेझिया चौकापासून कोलोसियमपर्यंतचा रुंद रस्ता खुला झाला. त्यासाठी जुनी वस्ती पाडली गेली आणि सम्राटांचे चौक दोन्ही अंगांनी उघडे पडले. हा रस्ता लष्करी संचलनांसाठी होता, पण मोटारीतून काही मिनिटांत प्राचीन रोम पाहण्याची सोयही त्यानेच केली.

परवाना आला तरी कथा गेल्या नाहीत. नीरोने ज्यावरून जळते रोम पाहिले म्हणून दाखवला जाई तो मिलित्सिए बुरूज नीरोनंतर हजाराहून अधिक वर्षांनी, तेराव्या शतकाच्या सुमारास, बांधलेला आहे. सांता मारिया इन कोस्मेदिन या चर्चच्या पडवीत असलेला संगमरवरी चेहरा, जो खोटे बोलणाऱ्याचा हात चावतो म्हणतात, बहुधा एखाद्या मोरीचे किंवा कारंज्याचे प्राचीन झाकण असावे. १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’ या चित्रपटानंतर तेथे रांग लागू लागली. या कथा टाकून देणे सोपे नाही, कारण थोड्या वेळात लक्षात राहील असे काही पाहुण्याला द्यावेच लागते.

आजची एकदिवसीय खासगी सफर या सर्व थरांवर उभी आहे. तिचे वेळापत्रक पाहुण्याच्या किंवा मार्गदर्शकाच्या हाती फारसे नसते. कोलोसियमचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि काळाबाजार रोखण्यासाठी २०२३ पासून त्यावर पाहुण्याचे नाव येऊ लागले. सिस्टाइन चॅपेलमध्ये बोलण्यास मनाई असल्यामुळे मायकेलँजेलोची चित्रे आधीच व्हॅटिकनच्या अंगणात लावलेल्या फलकांवर समजावून द्यावी लागतात. चिव्हितावेक्कियाला उतरणाऱ्या पर्यटक-जहाजांच्या प्रवाशांना तर संध्याकाळी जहाजावर परतायचेच असते. २०१३ च्या तरतुदीने मार्गदर्शकाचा परवाना सगळ्या देशात ग्राह्य झाला आणि डिसेंबर २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय परीक्षा व एकच नोंदवही आणली, म्हणजे ज्ञानाची हमी शासन घेते. उत्पन्नाचा काही भाग मात्र आता आंतरजालावरून सफरी विकणाऱ्या मध्यस्थांकडे जातो. पूर्वी मार्गदर्शक दुकानाकडून दलाली घेई, आता तो स्वतःच दलाली देतो. शिवाय पाहुण्यांनी दिलेल्या ताऱ्यांवर पुढचे काम अवलंबून असल्यामुळे कंटाळवाण्या खऱ्या गोष्टीपेक्षा रंजक अर्धसत्य त्याला अधिक परवडते.

मूरने सांगितलेला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम मात्र नाहीसा झालेला नाही. जानिकुलम टेकडीवरील अमेरिकन अकादमीने १९२० च्या दशकात सुरू केलेला प्राचीन रोमविषयक उन्हाळी वर्ग कित्येक वर्षे बरोबर तितक्याच मुदतीचा होता. त्यात येणारे बरेचसे लोक शाळेत लॅटिन शिकवणारे शिक्षक असत आणि त्यांतील अनेकांचा खर्च शिष्यवृत्त्यांतून भागे. शिकवणाऱ्याचे वेतन संस्था देई, आणि त्याच्याकडे विकण्यासारखी मूर्ती नसे.